पाहुण्यांचा ठोकळा

आमच्या तारापुरात डायवाल्याच्या घरी अनोळखी माणूस आला की आधी पाणी विचारत नसत, आधी ठोकळा बदलत. डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी साचा. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीनं उलटी नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि पत्र्यावर सुलटं फूल उठतं. मुंबईच्या बायका जे हार नि वाक्या मिरवायच्या, त्यांतली कितीतरी फुलं आमच्या गल्लीत जन्मलेली असत. नक्षी हेच डायवाल्याचं भांडवल. ती दुसऱ्यानं एकदा नीट पाहिली की गेली. म्हणून प्रत्येकाच्या बैठकीखाली एक बिघडलेला, अर्धवट कोरलेला ठोकळा पडलेला असे. त्याला आम्ही पाहुण्यांचा ठोकळा म्हणायचो. दारात सावली पडली की खरा ठोकळा फडक्याखाली जायचा, पाहुण्यांचा वर यायचा, आणि पाहुणा चहा पिऊन जाईपर्यंत माणूस त्यावर नुसती छिन्नी नाचवत बसायचा.

माझे बाबा या बाबतीत गल्लीत सगळ्यांच्या वरचढ होते. त्यांनी तरुणपणी एक शागीर्द ठेवला होता. तीन वर्षं जेवूखाऊ घातलेला तो पोरगा एका सकाळी मुंबईला गेला तो बाबांची करवंदाच्या जाळीची नक्षी डोक्यात घेऊनच. त्यानंतर बाबांनी कोणाला शिकवलं नाही. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आणि मुलींना डायचं काम दाखवत नसत, कारण मुलगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार आणि बरोबर नक्षीही नेणार. बाबा दाराकडे पाठ करून बसत. मी चहा घेऊन गेले तरी त्यांचा डावा हात आपोआप ठोकळ्यावर आडवा यायचा. त्यामुळे बाबांचं काम मला फक्त ऐकून ठाऊक होतं. खऱ्या ठोकळ्याचा आवाज जड, खाली बसणारा. पाहुण्यांच्या ठोकळ्याचा पातळ आणि उगाच भरभर. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता मी सांगू शकत असे, आत्ता बाहेर कोणी आलंय की नाही.

चीनशी आणि पाकिस्तानशी दोन लढाया पाठोपाठ होऊन गेल्या होत्या त्या दिवसांतली ही गोष्ट. समुद्राकाठी विजेच्या मोठ्या केंद्राचं बांधकाम चाललं होतं, बोईसर स्टेशनावर घाटावरची, विदर्भातली, हिंदी बोलणारी माणसं रोज उतरत होती, त्यांत अधूनमधून गोरे इंजिनिअरही. गोऱ्या माणसाचं कोणाला नवल राहिलं नव्हतं. पण हा गोरा बांधकामावर जाण्याऐवजी सायकल मारत आमच्या गल्लीत आला, आणि त्याच्या खांद्याला कॅमेरा होता. अर्ध्या तासात गल्लीतला प्रत्येक ठोकळा बदलला गेला.

मी तेव्हा शाळेत मास्तरीण होते. इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, लग्न ठरत नव्हतं, आणि दोन्हींचं कारण माझी जीभ आहे असं आई म्हणायची. पोलीसपाटलांनी मला बोलावून सांगितलं, बाई, त्याचे कागद ठीक आहेत, वरून परवानगी आहे, तुम्ही त्याचं बोलणं गावाला सांगा आणि जमलं तर त्याच्यावर नजरही ठेवा. नजर ठेवायला मला पाटलांनी सांगायची गरज नव्हती. मी जन्मजात संशयी. दूधवाल्यानं न मागता पावशेर जास्त घातलं तर मी आधी भांड्यात पाणी शोधायची.

तो चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा असेल. उंच, वाकलेला, नाकाची कातडी उन्हानं सोललेली. वीजकेंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्या एका इंजिनिअरचा तो शाळासोबती, त्याच्याच ओळखीनं आलेला. राहायला बोईसरला स्टेशनजवळ भाड्याची खोली. मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, तुम्ही कोणाचे? म्हणजे कुठल्या कंपनीचे, कुठल्या सरकारी खात्याचे. तो म्हणाला, कोणाचाच नाही. मी स्वतः फिल्म काढतो, छोट्या, दहा-बारा मिनिटांच्या. कॅमेरा मी धरतो, जोडतोही मीच. यावर कोणाचा विश्वास बसणार? आमच्याकडे भिकाऱ्यालासुद्धा कुठल्या तरी देवळाची पायरी असते. कोणाचाच नसलेला माणूस म्हणजे ज्याचा आहे त्याचं नाव सांगायचं नसलेला माणूस, असा मी अर्थ लावला.

दुसरी संशयाची जागा त्याचा देश. आम्ही त्याला इंग्रज म्हटलं की तो दर वेळी हात वर करून अडवायचा. इंग्रज नव्हे, स्कॉटिश. बाबांनी विचारलं, मग लंडन कोणाचं? त्यानं मला समजावून सांगितलं, की पालघरच्या माणसाला कोणी मुंबईकर म्हटलं तर त्याला कसं वाटेल? मी म्हटलं, त्याला फार बरं वाटेल. तो मोठ्यानं हसला. मला मात्र आपला मुलूख नाकारणाऱ्या माणसाचं हसणंही तपासून घ्यावंसं वाटलं.

त्याला हात हवे होते. काम करणारे हात, एवढंच तो आयुष्यभर टिपत आला होता. शाळा सुटली की मला न्यायला यायचा आणि गल्लीपर्यंतच्या वाटेवर मी त्याला खोदून खोदून विचारायची. त्यानं चुना न वापरता दगडाच्या भिंती रचणाऱ्या म्हाताऱ्यावर एक फिल्म केली होती, आंधळ्या टोपलीवाल्यावर एक, मासळी कापणाऱ्या बायकांवर एक. वर्षातले सहा महिने तो एका बेटावर बदली पोस्टमन म्हणून डाक वाटायचा आणि उरलेले सहा महिने फिल्म काढायचा. त्याच्या फिल्मा गावोगावच्या सभागृहांत दाखवत, लोक टाळ्या वाजवून घरी जात आणि त्याचं नाव विसरत. आता त्याच्या शहरातल्या महोत्सवासाठी उन्हाळ्यापर्यंत त्याला एक फिल्म द्यायची होती. महोत्सवानं ती घेतली तर तो पुढचीही काढणार होता. नाही घेतली तर एका शाळेत चित्रकलेच्या मास्तरची जागा त्याच्यासाठी मोकळी होती आणि बायकोनं त्याला तसं कबूल करायला लावलं होतं. मी हे सगळं ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, गोष्ट फारच चांगली जमवलीय.

गल्लीत त्याला कोणी दारात उभं करेना. शेजारच्या कारागिराचं म्हणणं, तो कॅमेरा नक्षी गिळतो, तिकडे विलायतेत यंत्रावर ओततो आणि वर्षाच्या आत आपल्या पोटावर पाय येतो. ऐकायला हे वेड्यासारखं वाटेल, पण आम्हाला ते अगदी पटण्यासारखं होतं. बाबांनी मात्र त्याला बसू दिलं. मला आश्चर्य वाटलं, मग लक्षात आलं की फडक्याखाली खरा ठोकळा आहे आणि वर पाहुण्यांचा. बाबा माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसले. मीही हसले. बापलेकीचं एवढं गूळपीठ आधी कधी जमलं नव्हतं.

असे तीन आठवडे गेले. रोज सकाळी तो यायचा, गुडघ्यावर बसायचा, कॅमेऱ्याला किल्ली द्यायचा. एकदा किल्ली दिली की तो अर्धा मिनिट घरघरायचा, मग पुन्हा किल्ली. बाबा पाहुण्यांच्या ठोकळ्यावर असे काही रंगात येऊन छिन्नी चालवत, भिंगातून बघत, फुंकर मारत, की एखाद्या नाटकवाल्यानं त्यांना उचलून न्यावं. मी शेजारी उभी राहून खोट्याचं इंग्रजी करायची. आधी कडेची पाकळी, मग मधला दाणा, असं मी सांगायची. खऱ्या कामाचा क्रम काय असतो ते मलाही ठाऊक नव्हतं, पण हा नसतो एवढं बाबांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

एक दिवस त्यानं कॅमेरा खाली ठेवला, जमिनीकडे पाहिलं आणि मला विचारलं, पोलाद कापलं तर खाली कीस पडायला हवा ना?

मी म्हटलं, आम्ही फार झाडतो.

त्यानं जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं. त्या वहीनं माझी झोप उडवली. दोन दिवसांनी तो आईच्या आग्रहावरून जेवायला बसला असताना मी ती वही त्याच्या पिशवीतून काढून पाहिली. हे सांगायला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. आत नकाशे नव्हते, नक्षीही नव्हती. बाबांच्या हातांची चित्रं होती, पानोपानी. अंगठ्यावरचा घट्टा, वाकडी करंगळी. बैठकीवर ऊन किती वाजता येतं ते लिहिलेलं. आणि रोजच्या तारखेखाली तेच दोन शब्द, अजून नाही. अजून नाही. अजून नाही. हा सांकेतिक निरोप असणार, असं मी ठरवून टाकलं आणि वही जागेवर ठेवून त्याला आणखी भात वाढला.

मग त्यानं शाळेत फिल्म दाखवली. वीज शाळेत नुकतीच आली होती. प्रोजेक्टर कॉलनीतून आणला, वर्गाच्या खिडक्यांना गोणपाटं लावली, फळ्यावर धोतर ताणलं. भर दुपारी अंधार करून सगळा गाव दाटीवाटीनं बसला, पहिल्या रांगेत कोळणी. पडद्यावर त्याच्या मुलखातल्या बायका धक्क्यावर उभ्या राहून मासे कापत होत्या. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तोंडं सतत चालू, हात त्याहून जलद. आमच्या कोळणी आधी खिदळल्या, मग माना पुढे काढून बघू लागल्या. शेवटी त्यांतली एक म्हातारी बोटावरची चिंधी सोडते आणि खालचं बोट दिसतं, चिरांनी भरलेलं. मागून कोणीतरी म्हणालं, आमच्यावाणीच हाय. मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

त्या दिवसापासून बाबा बदलले. पाहुण्यांच्या ठोकळ्यावर त्यांचा जीव लागेना. साहेब नसताना ते नव्या ठोकळ्यावर बसू लागले. लग्नसराईसाठी एका चपलाहाराची नवी नक्षी त्यांनी वर्षभर मनात ठेवली होती. एका रविवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

"उद्या सायबाला लवकर यायला सांग," ते म्हणाले. "ऊन बैठकीवर येतं तवा. नवा ठोकळा काढतो. खरं काम दाखवतो त्याला."

मी म्हटलं, बाबा, वेड लागलंय का? शागिर्दाचं विसरलात? तो कोण, कुठला, कोणाचा, काही ठाऊक नाही. नक्षी गेली तर खाणार काय? गल्ली तोंडात शेण घालेल. मी बरंच बोलले, आवाज चढवून बोलले. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी सांगतो तसं सांग.

आज मी या रागाला संशय म्हणत नाही. तेव्हा मात्र मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. सव्वीस वर्षं मी त्या घरात होते. माझ्यापुढे त्यांचा हात ठोकळ्यावर आडवा यायचा. आणि तीन आठवड्यांच्या ओळखीच्या गोऱ्यासाठी फडकं निघणार होतं. मला हेवा वाटला, इतका, की तोंड कडू झालं. संशय मला नुसता वरून पांघरायला सोयीचा होता.

सोमवारी पहाटेच मी एसटी पकडून बोईसर गाठलं. तो खोलीच्या पायरीवर दाढी करत बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, वडील कंटाळले आहेत. आता पुरे म्हणतात. तुम्ही येऊ नका.

त्यानं साबण पुसला. "हे ते स्वतः म्हणाले?"

"स्वतः," मी म्हटलं.

तो आत गेला आणि एक गोल डबी घेऊन आला. तिच्यावरची चिकटपट्टी फोडलेली नव्हती. एवढं एक रीळ त्यानं मागे ठेवलं होतं, म्हणाला, ज्या दिवशी तुमचे वडील तयार होतील त्या दिवसासाठी. मग त्यानं मला नमस्कार केला, आमच्यासारखा, हात जोडून. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. एसटी वळत होती, मी धावत जाऊन बसले.

घरी आले तेव्हा बाबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बैठकीवर होते. फडकं बाजूला काढलेलं, नवा ठोकळा उन्हात ठेवलेला, छिन्न्या ओळीनं मांडलेल्या. मी दारातूनच सांगितलं की साहेबाला घरून तार आली, तो गाडीनं निघून गेला. बाबा बरं म्हणाले.  मग मला बाहेर जायला सांगून त्यांनी दार लोटलं आणि आतून जड, खाली बसणारा आवाज सुरू झाला तो दुपारपर्यंत थांबला नाही. चपलाहार चांगला चालला. नक्षी कोणी चोरली नाही.

दोन वर्षांनी कॉलनीतला तो इंजिनिअर सुटीवरून परतला आणि एक डबी व पत्र माझ्या हाती देऊन गेला. बाबांच्या हाताला तोवर कंप सुटला होता. वर्षभरात त्यांनी छिन्नी धरली नव्हती. पत्र चार ओळींचं होतं. फिल्म मी महोत्सवाला पाठवली नाही, त्यानं लिहिलं होतं. यात तुमचे वडील दिसतात, त्यांचं काम दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते दाखवलं म्हणून सांगणं मला जमणार नाही. मी आता शाळेत चित्रकला शिकवतो. मुलं बरी आहेत. रीळ तुमच्या घरी असावं. त्यात कुठेही तक्रार नव्हती. मी तक्रार शोधली, दोनदा वाचून शोधली. माझ्या हातानं एका माणसाचं आयुष्याचं काम थांबलं होतं आणि त्यानं मला मुलं बरी आहेत म्हणून कळवलं होतं.

शाळेत पुन्हा गोणपाटं लावली. या वेळी फक्त मी, बाबा, आई आणि प्रोजेक्टर चालवणारा कॉलनीतला माणूस. नऊ मिनिटं बाबा पाहुण्यांच्या ठोकळ्यावर छिन्नी नाचवत होते. फुंकर मारत होते, भिंगातून बघत होते. आई म्हणाली, काय छान दिसता हो. खरंच छान दिसत होते. हात स्थिर, सरसर चालणारे, आणि सगळं खोटं. त्यांचे चालते हात जगात आता तेवढेच शिल्लक होते.

घरी परत येताना बाबा वाटेत थांबले. "सायबाला कळलं व्हतं," ते म्हणाले. "लबाडी कळली म्हनून शेवटच्या दिवशी आला नाय. तार-बिर काय नाय. मी आधीच दाखवायला पायजे व्हतं."

दोन वर्षं हे त्यांनी मनात ठेवलं होतं. मी आईला पुढे जायला सांगितलं आणि बाबांना खरं सांगितलं. तार आली नव्हती. मीच बोईसरला जाऊन त्याला येऊ नका म्हटलं. चोरीची भीती म्हणून नाही. तुम्ही मला कधी दाखवलं नाही आणि त्याला दाखवणार होता, म्हणून.

बाबा चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते कुंपणाला हात लावून उभे राहिले. तो हात कापत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

"त्याला इंग्रजीत कोन सांगनार व्हतं?" ते म्हणाले. "तूच ना? बाजूलाच उभी ऱ्हानार व्हतीस. पोरीला दाखवलं असं कुनाला बोलता आलं नसतं, आनि तुला सगळं दिसलं असतं."

मग त्यांनी मला आईला गाठायला सांगितलं, तिला संध्याकाळचं एकटीनं चालायला आवडत नसे.